कार्लॉफ पाहायचा कसा: सांगलीच्या घरात सहा रात्रींचा बेत

हॉरर पिक्चर म्हटला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "भीती वाटते का?" 'फ्रँकेनस्टाइन' सिनेमातला राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफच्या बाबतीत आधीच सांगून टाकतो, फारशी नाही वाटत. नव्वद वर्षांपूर्वीच्या कृष्णधवल राक्षसाला आजचा कॉलेजातला पोरगा घाबरत नाही. घाबरवायचं म्हणून हे पिक्चर लावलेत तर पंधराव्या मिनिटाला सगळ्यांच्या हातात मोबाइल दिसतील. कार्लॉफ पाहायचा तो नट म्हणून. आणि नट कसा बघायचा हे सांगलीला कुणी शिकवायला नको, १८४३ पासून गाव तेच करतंय.

विष्णुदास भाव्यांच्या परंपरेतल्या नाटकांत राक्षस यायचा तो राळेचा भडका उडवत, 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकत. कार्लॉफचा राक्षस पाठमोरा येतो, तोंडातून शब्द काढत नाही आणि आपल्याकडे वळायला भरपूर वेळ घेतो. आरडाओरडा न करता राक्षस उभा कसा राहतो, हे ज्याला बघावंसं वाटतं त्याच्यासाठी हा बेत. आठवड्याला एक असे सहा शनिवार, सहा सिनेमे. निवड माझी आणि क्रमही माझाच: आधी हात-पाय, मग डोळे, मग बोलणं, आणि शेवटी मेकअप उतरवलेला म्हातारा माणूस. क्रम मोडू नका. शेवटचा सिनेमा आधी पाहिलात तर त्यातलं अर्धं कळणारच नाही.

बेत कधी ठरवायचा

दिवाळीनंतर. जुलै-ऑगस्टमध्ये गावाचं निम्मं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालच्या पाण्याच्या पातळीवर असतं, तेव्हा कुणाला बोलावू नका. एप्रिल-मे लग्नाचे आणि उकाड्याचे. थंडीत एकच अडचण: ऊस हंगाम सुरू असतो आणि घर रस्त्याकडेला असेल तर ट्रॅक्टरवाले गाणी दणकवत जातात. म्हणून गच्चीचा मोह टाळा आणि आतली खोली घ्या. पडदा, प्रोजेक्टर, चांदणं हे सगळं फोटोत छान दिसतं. पण यातले दोन सिनेमे अक्षरशः शांततेवर उभे आहेत.

जेवणं उरकून साडेनऊला सुरू करा. सहांपैकी पाच सिनेमे एक ते सव्वा तासाचे आहेत, शेवटचा तेवढा दीड तासाचा. मध्यंतर नको. भडंग हवाच असेल तर पिक्चर संपल्यावर वाढा. सहाजणांच्या तोंडात भडंग असेल तर १९३१ चा ध्वनिपट काही ऐकू येत नाही.

प्रिंट आणि टीव्ही

युनिव्हर्सल स्टुडिओने आपले जुने भयपट दुरुस्त करून डिस्कवर आणले आहेत, ऑनलाइन भाड्यानेही मिळतात. फुकट सापडणाऱ्या धुरकट प्रती टाळा. त्यांत चेहऱ्यावरच्या सावल्या नुसत्या काळ्या डागासारख्या दिसतात, आणि आपण तर चेहराच बघायला बसलोय. रंग चढवलेली आवृत्ती समोर आली तर ती सोडून पुढे जा.

'फ्रँकेनस्टाइन'ची प्रत पूर्ण आहे का, हे तपासायची एक खूण आहे. तळ्याकाठी छोटी मारिया राक्षसाबरोबर फुलं पाण्यात सोडते, तो प्रसंग काढून बघा. राक्षस तिला उचलून पाण्यात टाकताना दिसला पाहिजे. तो तिच्याकडे हात नेतो आणि तिथेच दृश्य तुटत असेल तर ती कापलेली प्रत. सेन्सॉरने छाटलेला हा तुकडा कित्येक वर्षं गायब होता, १९८०च्या दशकात तो परत जोडला गेला. कापल्याने प्रसंग सौम्य झाला असं वाटेल, पण झालं उलटंच. फुलं तरंगतात तशी पोरही तरंगेल, एवढीच त्या बिचाऱ्याची समजूत असते. ते दिसलं नाही तर प्रेक्षक मनातल्या मनात भलतंच काहीतरी जोडतात.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी करा. पहिली, चित्र ताणून पडदाभर करू नका. हे सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत घेतले आहेत, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणजे बरोबर आहे. घरात कुणीतरी "फुल स्क्रीन कर की" म्हणणारच, रिमोट आपल्याकडे ठेवा. दुसरी, हालचाल गुळगुळीत करणारं फीचर बंद करा आणि 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' हा मोड लावा. ते फीचर चालू राहिलं तर कार्लॉफची अडखळती चाल मालिकेतल्या सासूच्या चालीसारखी सरसर दिसते. इंग्रजी सबटायटल्स लावा. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर सुरू करण्याआधी पाच मिनिटांत गोष्ट मराठीत सांगून टाका, शेवट सोडून. मध्येच थांबवून भाषांतर करत बसू नका, ताल जातो.

आधी माणसाची ओळख

पहिल्या रात्री टीव्ही लावण्याआधी हे दोन मिनिटं सांगा, बैठक लगेच जमते. बोरिस कार्लॉफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म २३ नोव्हेंबर १८८७, लंडन. घराणं अँग्लो-इंडियन. वडील हिंदुस्थानातल्या मीठ महसूल खात्यात होते. आईची मावशी ॲना लिओनोवेन्स, म्हणजे सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजवाड्यात राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली ती प्रसिद्ध बाई. ॲनाचा जन्म १८३१ चा, आणि गाव कुठलं? आपलं नगर! हे सांगितलं की मागे बसलेले काकाही पुढे सरकतात.

भावांसारखी सरकारी नोकरी न करता तो १९०९ मध्ये कॅनडाला गेला, नाव बदललं आणि फिरत्या नाटक कंपन्यांत शिरला. गावोगावचे दौरे, आठवड्याला नवं नाटक, पैसे मिळाले तर मिळाले. मग हॉलिवूडमध्ये लहानसहान भूमिका, आणि मध्ये काम नसलं की ट्रक चालवणं. 'फ्रँकेनस्टाइन' आला तेव्हा त्याच्या नावावर सत्तर-ऐंशी सिनेमे होते आणि त्याला कुणीही ओळखत नव्हतं. वय जवळजवळ चव्वेचाळीस. बोलताना 'स'चा उच्चार थोडा बोबडा, तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

बैठकीत क्रिकेटवाले असतील तर त्यांच्यासाठी: कार्लॉफ हॉलिवूड क्रिकेट क्लबात खेळायचा. विजय हजारेंच्या जन्मगावात एवढी ओळख पुरते.

पहिली रात्र: 'फ्रँकेनस्टाइन' (१९३१)

दिग्दर्शक जेम्स व्हेल, लांबी सत्तर मिनिटांच्या आसपास. या रात्रीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

सुरुवातीच्या श्रेयनामावलीकडे लक्ष द्यायला सांगा. राक्षसाच्या भूमिकेपुढे नटाचं नाव नाही, नुसतं प्रश्नचिन्ह आहे. नाव येतं ते शेवटच्या यादीत, म्हणून पिक्चर संपला की लगेच दिवा लावू नका. शिवाय संगीत फक्त सुरुवातीला आणि शेवटी आहे, मध्ये पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. आजच्या प्रेक्षकाला ही शांतता खुपते. आधी सांगून ठेवलं तर तीच कामाला येते, कारण बुटांचा आवाज ऐकू येतो.

राक्षस साधारण अर्ध्या तासाने येतो. दार उघडतं, तो पाठमोरा आत येतो, हळूहळू वळतो, आणि कॅमेरा एकामागून एक झटक्यात त्या चेहऱ्याच्या जवळ जवळ जातो. नाटकवाल्यांनी ही एन्ट्री दोनदा बघावी. पाठमोरी एन्ट्री घ्यायला नटाच्या अंगात धमक लागते आणि दिग्दर्शकाचा त्याच्यावर विश्वास लागतो.

पण माझ्या लेखी खरं काम पुढच्या मिनिटात आहे. फ्रँकेनस्टाइन, म्हणजे राक्षसाला घडवणारा शास्त्रज्ञ, छतातला झरोका उघडतो, वरून उजेड येतो. राक्षसाने आयुष्यात पहिल्यांदा उजेड पाहिलाय. तो मान वर करतो, हात वर नेतो, बोटं पसरतात. उजेड धरता येईल असं त्याला वाटतंय. झरोका बंद होतो. मग ते हात खाली येतात आणि तळवे वर करून पुढे धरले जातात, "गेला कुठे? परत द्या" असं विचारल्यासारखे. एक शब्द नाही. एवढं झाल्यावर पलिता घेऊन शास्त्रज्ञाचा मदतनीस फ्रिट्झ आत येतो आणि तोच उजेड त्याला चटका देणारा होतो. पुढचा सगळा सिनेमा या दोन मिनिटांत आहे. रिमोट हातात आहेच, संपल्यावर एवढा तुकडा परत लावा आणि या खेपेला फक्त हात बघा.

रंगभूषेविषयी विचारणारे भेटतातच. जॅक पियर्सचं काम. रोज साधारण चार तास लागायचे. हिरवट राखाडी रंग, कारण कृष्णधवल फिल्मवर तो प्रेतासारखा फिकट दिसतो. पापण्यांवर मेणाचा थर ही कार्लॉफचीच सूचना. डोळे फारच हुशार, जागे दिसत होते, ते त्याला जड हवे होते. त्याचे काही दात काढता येण्यासारखे होते, ती कवळी तो काढून ठेवायचा, त्यामुळे एका बाजूचा गाल आत गेलेला दिसतो. ही गालाची खूण लक्षात ठेवा, तिसऱ्या रात्री लागेल. पायात वजनदार बूट. एवढं सगळं अंगावर घेऊनही हातांनी जे दिसतं ते दिसतं, म्हणून तर म्हणतो, हात बघा.

या राक्षसाला कार्लॉफ आयुष्यभर आपला जिवलग मित्र मानत आला. मुलं त्याला पत्रं लिहायची, त्यात राक्षसाबद्दल भीतीपेक्षा कणवच जास्त असायची.

दुसरी रात्र: 'द ममी' (१९३२)

पट्ट्या गुंडाळलेली ममी यात जेमतेम काही मिनिटं आहे. हे आधीच सांगा, नाहीतर लोक तासभर तिचीच वाट बघत बसतात. त्या मिनिटांसाठी पियर्सने जवळपास आठ तास रंगभूषा केली होती. आणि दिसतं काय? पापणी किलकिली होते. एक हात खाली सरकतो. मग नुसती दारातून बाहेर सरपटत गेलेली पट्टी, आणि ते बघून वेड लागलेल्या तरुणाचं हसणं. दिग्दर्शक कार्ल फ्रॉइंड मुळात छायाचित्रकार. किती दाखवायचं यापेक्षा किती झाकायचं, हे त्याला पक्कं ठाऊक.

पुढे कार्लॉफ फेज टोपी घातलेला, सुरकुतलेला, ताठ उभा असा दिसतो. इथे हातांचं काम जवळजवळ बंद. दोन्ही बाहू अंगालगत, अंग हलतही नाही, फक्त डोळे आणि खालच्या पट्टीतला आवाज. पहिल्या रात्रीनंतर लगेच हा सिनेमा ठेवला तो एवढ्यासाठीच. प्रेमकथा मात्र रटाळ आहे. कुणी पेंगलं तर उठवू नका.

तिसरी रात्र: 'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन' (१९३५)

पुष्कळांच्या मते हा पहिल्यापेक्षा सरस. व्हेलने यात भरपूर मिश्कीलपणा केलाय, तेव्हा हसू आलं तर हसा, ते अपेक्षितच आहे. श्रेयनामावलीत आता नुसतं 'कार्लॉफ' एवढंच येतं. चार वर्षांपूर्वी त्याच जागी प्रश्नचिन्ह होतं.

यात राक्षस बोलतो. कार्लॉफला ते पसंत नव्हतं. मुका होता म्हणूनच तो लोकांच्या मनात उतरला, असं त्याचं म्हणणं. मला विचाराल तर तत्त्वतः त्याचं बरोबर, पण आंधळ्या साधूच्या झोपडीतला प्रसंग बघितल्यावर वाद घालावासा वाटत नाही. साधू व्हायोलिन वाजवतो, सूर ऐकून जखमी राक्षस दाराशी येतो. साधूला तो दिसतच नाही, त्यामुळे घाबरण्याचा प्रश्नच नाही. तो त्याला बसवतो, खाऊ घालतो, दोन-चार शब्द शिकवतो. गालाची खूण आठवते? बोलायचं म्हणून कवळी तोंडात ठेवावी लागली, आणि गाल भरलेला दिसतो. शेजारी बसलेल्याला दाखवून द्या.

वधू शेवटची काही मिनिटंच आहे. एल्सा लँचेस्टरने तिचं ते फिस्कारणं हंसांवरून उचललं होतं. सुरुवातीला मेरी शेली, म्हणजे मूळ कादंबरीची लेखिका, झालेली बाईही तीच.

चौथी रात्र: 'द ब्लॅक कॅट' (१९३४)

लहान मुलांना झोपवून मगच लावा, शेवट क्रूर आहे. एडगर ॲलन पो यांच्या कथेचं नुसतं नाव घेतलंय, गोष्टीशी संबंध नाही. हा ठेवला तो बेला लुगोसीसाठी. 'ड्रॅक्युला'वाला लुगोसी आणि कार्लॉफ पहिल्यांदा समोरासमोर येतात ते इथे. एका मुलीचं काय करायचं हे दोघे बुद्धिबळाच्या पटावर ठरवतात. लुगोसी प्रत्येक वाक्य फेकतो, कार्लॉफ तेच काम आवाज न चढवता करतो. कोण जिंकलं यावर नंतर चहा घेताना भांडा. सांगलीत दोन्ही घराण्यांचे चाहते निघतील.

पाचवी रात्र: 'द बॉडी स्नॅचर' (१९४५)

सहांपैकी एकच ठेवायचा झाला तर मी हा ठेवीन. आर. एल. स्टीव्हन्सनच्या कथेवरून, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. वीस वर्षांनी 'साउंड ऑफ म्युझिक' केला तोच. निर्माता व्हॅल ल्यूटन. थोड्या पैशांत, सावल्यांच्या जोरावर सिनेमे काढणारा माणूस. तेच ते राक्षस करून कंटाळलेल्या कार्लॉफला त्याने पुन्हा नट म्हणून उभं केलं, आणि कार्लॉफने हे ऋण उघडपणे मानलं.

काळ १८३१, एडिंबरा. डॉक्टरकी शिकायला प्रेतं लागतात, मिळत नाहीत, मग कबरी उकरणारे धंद्याला बसतात. बर्क आणि हेअर यांनी तर त्याआधी, १८२८ मध्ये, विकण्यासाठी माणसं मारली होती. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारं कुणी ओळखीत असेल तर या रात्री आवर्जून बोलवा. देहदानाआधीच्या काळात शरीरशास्त्र कसं शिकत होते, यावर पिक्चर संपल्यावर तास निघतो.

कार्लॉफ इथे जॉन ग्रे नावाचा गाडीवान. राक्षसाचा मेकअप नाही. टोपी, गालमिशा आणि हसू. त्याची पहिलीच कृती बघा: चालता न येणाऱ्या लहान मुलीला उचलून घोड्याजवळ नेतो, घोडा तुला नमस्कार करतोय म्हणतो. प्रेमळच आहे, खोटं नाही. तोच माणूस रात्री प्रेतं पोहोचवतो. मोठ्या डॉक्टर मॅकफार्लेनला तो चारचौघांत 'टॉडी' म्हणून हाक मारतो. जुनं गुपित हातात असलेला माणूस गावातल्या प्रतिष्ठिताला एकेरीत हाक मारतो तेव्हा त्या प्रतिष्ठिताचं तोंड कसं होतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. दर वेळी 'टॉडी' म्हणताना आवाज आणखी मऊ होतो. तिथे कान द्या.

आणि रस्त्यावर गाणारी मुलगी. ती गात गात कमानीखालच्या अंधारात जाते. मागून ग्रेची गाडी जाते. कॅमेरा जागचा हलत नाही. गाणं ऐकू येत राहतं, आणि मधेच तुटतं. बस. रक्त नाही, किंकाळी नाही, कार्लॉफही दिसत नाही. या क्षणाला बाहेरून ट्रॅक्टर गेला तर सगळं पाण्यात, म्हणून खिडक्या लावून घ्या, पंखासुद्धा कमी करा. लुगोसीही यात आहे, छोट्या भूमिकेत. दोघांचा एकत्र असा हा शेवटचा सिनेमा.

सहावी रात्र: 'टार्गेट्स' (१९६८)

मोठ्यांसाठीच. यात बंदूक घेऊन माणसं टिपणारा तरुण आहे, आणि तो सगळा भाग कोरडा, खराखुरा वाटतो. दिग्दर्शक पीटर बोगदानोविच, त्याचा हा पहिलाच मोठा सिनेमा. निर्माता रॉजर कॉर्मनकडे कार्लॉफचं दोन दिवसांचं काम देणं बाकी होतं, तेवढ्यात काहीतरी बसव असं सांगून त्याने पोराला मोकळं सोडलं. त्यातून हे निघालं.

कार्लॉफ इथे बायरन ऑरलॉक नावाचा म्हातारा भयपटनट झालाय. रोजच्या वर्तमानपत्रातल्या बातम्या इतक्या भयंकर असताना आपल्या रंगवलेल्या राक्षसाला कोण घाबरणार, म्हणून निवृत्त व्हायला निघालेला. म्हणजे तुमच्या बैठकीतल्या पोरांनी पहिल्या रात्री विचारलेला प्रश्न तो स्वतःच विचारतो. खोलीत टीव्हीवर लागलेला जुना पिक्चर आहे 'द क्रिमिनल कोड', १९३१ चा, कार्लॉफचाच. 'टार्गेट्स' करताना कार्लॉफच्या पायाला आधाराच्या पट्ट्या होत्या, फुप्फुसं निकामी होत चालली होती. उठताना-बसताना दिसतं, त्यातला किती अभिनय आणि किती आजार हे वेगळं करता येत नाही.

एका प्रसंगात तो मृत्यू आणि समारा या शहराची छोटीशी जुनी गोष्ट सांगतो. एकाच शॉटमध्ये, न तुटता. शॉट संपल्यावर सेटवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रात्री ज्याला एक शब्द नव्हता, त्याच्या हातात इथे नुसते शब्द आहेत. सिनेमा आल्यानंतर काही महिन्यांतच, २ फेब्रुवारी १९६९ ला, एक्क्याऐंशीव्या वर्षी तो गेला.

सहा शनिवार जमत नसतील तर

पहिली आणि पाचवी रात्र ठेवा, मध्ये आठवडाभराचं अंतर असू द्या. तीन जमत असतील तर तिसरी म्हणून 'टार्गेट्स'. ज्यांना राक्षसाचा लळा लागेल त्यांनी १९३९ चा 'सन ऑफ फ्रँकेनस्टाइन' स्वतंत्र पाहावा. त्यानंतर कार्लॉफने मोठ्या सिनेमात ती भूमिका पुन्हा केली नाही. घरात सहा-सात वर्षांची पोरं असतील आणि रोज "आम्हालाही बघायचंय" चालू असेल, तर त्यांना १९६६ चा ग्रिंच नावाच्या खडूस प्राण्यावरचा अर्ध्या तासाचा कार्टूनपट दुपारी लावून द्या. त्यातला निवेदकाचा आवाज कार्लॉफचाच आहे. हा कार्यक्रम घरापुरता आहे तोवर कुणाची परवानगी लागत नाही. हॉल घेऊन तिकीट लावायचा विचार आला, तर आधी हक्कदारांकडून लेखी परवानगी घ्या, मगच पोस्टर छापायला टाका.